आधी कच्चा टाका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कोणी तरी शिकलेल्या बाई येऊन आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभं केलं. मी त्यांना म्हटलं, "अहो, माझं शिक्षण सातवीपर्यंत. गावात शाळाच तेवढी होती. मी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "शिवणवर्गात मुलींना जे सांगता तेच इथे सांगा." म्हणून धीर करून उभी राहिले आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय शिवणाचाच आहे, पण शिवणापुरताच नाही. कोणतीही वस्तू करायला घेण्याआधी शहाणी बाई तिचा नमुना करून पाहते. तो नमुना किती कच्चा असावा आणि किती पक्का, एवढंच मला बोलायचं आहे. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ती न कळल्यामुळे माझ्या हातून घरातल्याच एका माणसाला चार महिने त्रास झाला. तेही पुढे सांगणार आहे.

आधी आपल्या सगळ्यांच्या माहितीची गोष्ट घेऊ. दिवाळीत आपण चकलीचं पीठ भिजवतो. मीठ बरोबर आहे का, हे पाहायला आपण काय करतो? पिठाचा कण जिभेवर ठेवतो. त्यासाठी कोणी कढई चढवत नाही. पण चकली तेलात विरते का, हे जिभेला कळत नाही. त्यासाठी सोऱ्यातून एक वेढा पाडून तो तापल्या तेलात सोडावाच लागतो. आणि चकली चार दिवसांनी मऊ पडते का, हे तर तळूनही कळत नाही. दोन चकल्या डब्यात घालून ठेवाव्या लागतात. म्हणजे पीठ एकच, पण प्रश्न तीन आणि नमुनेही तीन. पहिला फुकटचा, दुसऱ्याला थोडं तेल, तिसऱ्याला चार दिवस. मीठ पाहायला सगळा घाणा तळणारी बाई वेडी, आणि पीठ चाखूनच "झाली चकली" म्हणणारी त्याहून वेडी. स्वयंपाकघरात हे आपल्याला आपोआप कळतं. बाहेर पडलो की मात्र विसरायला होतं. मी तर शिवणयंत्रापाशीच विसरले.

२०१७ साली माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. देवाची कृपा एवढीच की वाचा शाबूत राहिली आणि उजवा हात चालत राहिला. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई. आता लुगडं नेसवणं शक्य नव्हतं. बाजारातून तयार मॅक्सी आणली. ती डोक्यावरून घालायची म्हणजे डावा हात वर उचलायला हवा. रोज आंघोळीनंतर अर्धा तास आमची झटापट चाले. त्या ओठ दाबून धरत, पण डोळ्यांतलं पाणी काही लपत नसे.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी येत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही लक्षात ठेवा. कोणाच्या घरी कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही. पहिली, कपडा घालताना दुबळा हात आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. दुसरी, तो हात कधीही ओढायचा नाही, कारण स्नायू सैल पडलेले असतात आणि खांद्याचा सांधा निखळू शकतो. हे ऐकल्यावर मी मनाशी म्हटलं, आपल्याला शिवण येतं, मग आपणच पुढून उघडणारा गाऊन का शिवू नये?

आणि मी शिवला. चांगलं चार मीटर सुती कापड आणलं, बारीक जांभळ्या फुलांचं. गळ्याला भरतकाम केलं. पुढे वरपासून खालपर्यंत बारा काजं हाताने केली. बाहीला चुण्या घातल्या. दिवसा कामं असत, म्हणून रात्री जागून आठ दिवसांत पुरा केला. इस्त्री करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उजव्या हाताने तो कुरवाळला आणि म्हणाल्या, "छान झालाय गं. दिवाळीला घालीन."

दिवाळी आली आणि गेली. गाऊन कपाटातच. मी दोनदा आठवण केली. एकदा म्हणाल्या, "नवा आहे, मळेल." एकदा म्हणाल्या, "आज थंडी आहे." मला वाटलं, म्हातारं माणूस, जपून ठेवायची सवय आहे. रोजची मॅक्सी आणि रोजची झटापट चालूच राहिली. असे चार महिने गेले.

संक्रांतीला वन्सं माहेरपणाला आल्या. लेकीपाशी आई बोलते. रात्री मी पाणी द्यायला गेले तर आतून बोलणं कानावर आलं. वन्सं विचारत होत्या, "आई, वहिनीने शिवलेला गाऊन तू का घालत नाहीस?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याची बाही अरुंद आहे, हात वळत नाही. ती बारीक बटणं मला एका हाताने लागत नाहीत. आणि गळ्याचं भरतकाम टोचतं. पण तिने रात्री जागून शिवलाय. त्यात खोट कशी काढू?"

मी दारातच उभी राहिले. मला राग आला नाही, लाज वाटली. त्यांना माझा कपडा नावडला याची नव्हे. त्यांना तोंड उघडताच येऊ नये इतका मी तो पुरा करून ठेवला होता, याची. इस्त्री केलेला, काज-बटण केलेला कपडा पुढे ठेवून "कसा आहे?" असं विचारलं, तर समोरच्या माणसाला एकच उत्तर उरतं. छान आहे. विचारलं होतं मी, पण उत्तराला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचंच एक जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं घेतलं. सेफ्टी पिनांची डबी, खडू आणि कात्री घेऊन त्यांच्या खाटेवर बसले. म्हटलं, "आई, हे टाकाऊच आहे. कुठे कापू ते तुम्ही सांगा." मैत्रिणींनो, ज्या बाई चार महिने गप्प होत्या त्या तासभर हुकूम सोडत होत्या. "इथे उघड. अजून. पार मनगटापर्यंत उघड. हात आत घालायचाच नको, वरून पांघरल्यासारखा झाला पाहिजे. पाठीला शिवण नको, कुशीवर झाले की रुतते. पुढचा पदर उजवीकडून डावीकडे आण, म्हणजे माझा हात तिथे पोचेल." मी कापत होते, पिना बदलत होते. पाच वेळा बदललं. खर्च काही नाही. लागला तो एक तास.

त्यातून जो कपडा निघाला तो असा. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत वरून उघडी. आधी दुबळा हात तीत नुसता ठेवायचा आणि वरून बंद करायची. मग कापड पाठीमागून फिरवायचं, आणि उजवा हात त्या आपला आपण बाहीत घालतील. पुढचे दोन पदर एकमेकांवर येऊन डाव्या कमरेपाशी बंद होतील. पाठीच्या मधोमध शिवण नाही की गाठ नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकाच जागी जाड शिवण रुतत राहिली तर तिथली कातडी जाते, म्हणून हे महत्त्वाचं. यातलं एकही मला घरी बसून सुचलं नव्हतं. ते त्या फाटक्या लुगड्याने आणि त्यांच्या तोंडाने सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गोष्ट संपली. कच्चा नमुना चांगला आणि पक्का वाईट. मलाही तसंच वाटलं, आणि मी दुसऱ्यांदा चुकले.

लुगड्याच्या नमुन्यात जिथे बंद हवे होते तिथे मी नुसत्या खडूच्या खुणा केल्या होत्या. मनात धरलं, इथे नाड्या लावू, अंगरख्याला असतात तशा. मांजरपाट आणला, बेतला, शिवला, नाड्या लावल्या. सासूबाईंनी हौसेने घातला. आणि नाडी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. एका हाताने गाठ कशी मारणार? तुम्ही घरी गेल्यावर करून पाहा. एवढी साधी गोष्ट, पण खडूच्या खुणेला गाठ मारावी लागत नाही ना! खूण म्हणते "इथे बंद", आणि आपण मान डोलावतो. त्यातच भर म्हणून मांजरपाट पाण्यातून न काढता कापला होता. पहिल्याच धुण्याला तो आटला आणि बाही पुन्हा अरुंद झाली. जुनं लुगडं शंभरदा धुतलेलं असतं, ते आटणार कुठून? म्हणजे कपडा कुठे उघडावा या प्रश्नाला जुनं लुगडं खरं बोललं. कापड आटेल का या प्रश्नाला तेच लुगडं खोटं बोललं. दोष लुगड्याचा नव्हता. मी त्याला भलताच प्रश्न विचारला होता.

मग तिसऱ्या खेपेला मी पुरा कपडा शिवायला घेतलाच नाही. एक उशी घेतली. तिच्या अभ्र्यावर मांजरपाटाचीच दुहेरी पट्टी लावली आणि तीवर ओळीने चार प्रकारचे बंद शिवले. टिचबटण, हूक, वेल्क्रोची पट्टी आणि कोटाचं मोठं बटण. हे चारही अगदी खरे, पक्के, दोन-दोनदा टीप मारलेले. बाकी सगळी नुसती उशी. ती उशी त्यांच्या मांडीवर दिली आणि म्हटलं, "आई, येता-जाता लावा-काढा." तीन दिवस त्यांचा तोच खेळ चालला. टिचबटणाला खालून आधार लागतो, एका हाताने पोटावर दाबायचं म्हणजे ते रुततं, ते बाद. हूक दिसत नाही, बाद. वेल्क्रो सोपा, पण कडा कातडीला घासते, आणि धुताना उघडा राहिला तर सगळ्या कपड्यांचे धागे ओढतो. मोठं बटण, आडवं काज आणि काज थोडं सैल, हे त्यांना दोन दिवसांत जमलं. तिसऱ्या दिवशी मी न सांगता त्यांनी चार वेळा लावून दाखवलं. झटका आल्यापासून त्या आपल्या हाताने काही करून इतक्या खूष झालेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

शेवटी कमरेला मोठी बटणं ठेवली. बाहीचे बंद मीच लावत असे, म्हणून तिथे वेल्क्रो, आणि त्याच्या आत मऊ कापडाची पट्टी, की तो कातडीला लागू नये. कापड या वेळी दोनदा पाण्यातून काढलं. शिवणीला माया भरपूर सोडली. आणि एकच गाऊन पुरा केला. तो त्यांनी एक दिवस, एक रात्र घातला, दोनदा धुतला, आणि मगच बाकीचे चार बेतले. त्या पाच गाऊनांवर त्यांची शेवटची साडेतीन वर्षं गेली. सकाळची ती अर्ध्या तासाची झटापट पाच मिनिटांवर आली, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं.

माझी भाची मोठ्या शहरात वस्तूंची रचना शिकवणाऱ्या कॉलेजात शिकते. तिला ही हकीकत सांगितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मावशी, तू जे केलंस त्याचा आमच्याकडे वर्षभर अभ्यास असतो." तिने मला अमेरिकेतल्या जेफ हॉकिन्स नावाच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. आजच्यासारखे फोन येण्याआधी, खिशात मावेल असं टिपणवहीचं यंत्र करायचं त्यांनी मनात घेतलं. त्यांचं आधीचं यंत्र १९९३ साली बाजारात आलं होतं, पण ते चाललं नाही. तेव्हा पुढचं करण्याआधी त्यांनी काय केलं? खिशाच्या मापाचा एक लाकडी ठोकळा कापला. लिहायला काडी म्हणून चॉपस्टिक तासून घेतली. तो ठोकळा खिशात घालून ते हिंडायचे. कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचे. लोक हसले असतील. पण हे यंत्र खिशात जड होतं का, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी काढावंसं वाटतं, हे त्यांना ठोकळ्यानेच सांगितलं. पुढे १९९६ साली त्यांचं पायलट नावाचं यंत्र निघालं आणि ते फार खपलं. तो लाकडी ठोकळा आता तिकडच्या एका संग्रहालयात जपून ठेवला आहे. ठोकळ्यात वीज नव्हती, अक्षर उमटत नव्हतं. पण खिशाचा प्रश्न विचारायला खिशाचं माप तेवढं खरं लागतं, आणि ते खरं होतं.

माझ्या मुलाच्या पुस्तकात राइट बंधूंचा धडा होता. त्यांनी १९०३ साली विमान उडवलं, हे आपण सगळ्याच जाणतो. पण त्याआधी, १९०१ साली, त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली. तीत पंख्याने वारा सोडायचा आणि हातभर नव्हे, वीतभर लांबीचे पत्र्याचे पंख त्या वाऱ्यात धरून पाहायचे. असे सुमारे २०० आकार त्यांनी तपासले. त्या पंखांना ना विमान, ना इंजिन, ना बसायची जागा. प्रश्न फक्त पंखाच्या आकाराचा होता, म्हणून फक्त आकार बारकाईने केला. दर वेळी पुरं विमान बांधून पाहिलं असतं तर पैसाही संपला असता आणि हातपायही मोडले असते.

आता आपल्या मंडळातलीच गोष्ट. स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं तेव्हा ठेकेदाराने संगणकावर काढलेलं रंगीत चित्र आणलं होतं, आठवतं ना? काय सुंदर चित्र होतं! खिडकीत कुंडी, ओट्यावर फळांची परडी, फरशीवर उन्हाचा कवडसा. दोन तास आपली सभा चालली. त्या दोन तासांत आपण कशावर बोललो? फरशी पिस्ता रंगाची घ्यावी की बदामी! शेवटी मतं घेतली. परडीतली फळं कोणती, यावरसुद्धा कोणी तरी बोललं. पण पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मागून भाताचं पातेलं घेऊन दुसरी बाई जाऊ शकेल का, हे एकीनेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. ते चित्र इतकं पुरं होतं की त्यात विचारण्यासारखं काही उरलंय असं वाटलंच नाही.

मग घरी गेल्यावर मला माझा जांभळ्या फुलांचा गाऊन आठवला. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघीजणी सभागृहात आलो. चित्रावरची मापं घेतली आणि जमिनीवर खडूने ओटा, मोरी, दार, मांडणी सगळं आखलं. सहाजणींना आत उभं केलं, हातांत खऱ्या पराती, खरी पातेली दिली आणि म्हटलं, चला, शंभर पानांचा स्वयंपाक करा. पाच मिनिटांत कोपराला कोपर लागलं. ओटा आणि मांडणी यांच्यात तीन फूट जागा होती. ती चार फूट तरी हवी हे सगळ्यांना एकदम दिसलं. दार आत उघडत होतं ते मोरीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या पाठीत बसत होतं. खडू पुसला, पुन्हा आखला. खडूची रेघ पुसायला ओला फडका पुरतो. कडप्पा बसल्यावर हलवायचा म्हणजे पुन्हा वर्गणी.

पण तिथेही खडू सगळं सांगत नव्हता. वडीलधाऱ्यांपैकी दोघी म्हणाल्या, "आम्हाला या रेघा समजत नाहीत गं." त्यांचं बरोबर होतं. रेघ लांबी-रुंदी दाखवते, उंची दाखवत नाही. मग विटा रचल्या, वर फळी ठेवली, आणि बुटकी, मध्यम, उंच अशा तिघींना तीवर खरोखरीच्या कणकेच्या पोळ्या लाटायला लावल्या. बत्तीस इंचांवर एकीची कंबर भरून आली, चौतीसवर दुसरीचे खांदे वर उचलले गेले. शेवटी पोळ्यांचा ओटा आणि शेगडीचा ओटा वेगवेगळ्या उंचीचे करायचं ठरलं. आज तुम्ही ज्या ओट्यावरचं जेवण जेवणार आहात तो हाच. फरशी बदामीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही!

एवढ्या अनुभवावरून मी शिवणवर्गात मुलींना जे सांगते ते थोडक्यात सांगते.

नमुना करायला बसण्याआधी स्वतःला विचारावं, मला याला काय विचारायचं आहे? ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "हात सहज जातो का?", "बटण एका हाताने लागतं का?", "दोघी एकमेकींमागून जातात का?" एवढं स्पष्ट. मग त्या एका प्रश्नापुरता नमुना अगदी खरा करावा, आणि बाकीचं खुशाल कच्चं ठेवावं. हात जाण्याचा प्रश्न असेल तर बाहीचं माप खरं हवं, कापड कोणतंही चालेल. बटणाचा प्रश्न असेल तर बटण खरं, गाऊनच्या जागी उशी चालेल. आटण्याचा प्रश्न असेल तर कापड खरं. त्याचा वीतभर तुकडा धुतला तरी पुरे.

दुसरं असं, की नमुना कोणाला दाखवायचा ते पाहावं. ज्याच्याकडून दुरुस्ती हवी त्याच्यापुढे कच्चा टाका न्यावा. धावदोरा दिसला की माणसाला वाटतं, हे अजून उसवता येईल, म्हणून ते बोलतं. आणि आपल्यालाही उसवताना जिवावर येत नाही. माझ्या बारा काजांतलं एक काजसुद्धा उसवायला माझा हात धजला नसता, ही गोष्ट मी कबूल करते. पण ज्याला कच्च्यावरून कल्पना करता येत नाही, त्याला खडूच्या रेघांवर सोडून देऊ नये. त्याच्यासाठी विटा रचाव्यात.

आणि शेवटचं म्हणजे, सगळे कच्चे नमुने झाले तरी एक नमुना पुरेपूर पक्का करावा आणि तो रोजच्या वापरात घालून पाहावा. रात्रभर अंगावर राहिल्याशिवाय, दोनदा धुतल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. मात्र तो एकच करावा, आणि तो सगळ्यांच्या शेवटी.

हे आजच सांगण्याचं कारणही आहे. अंथरुणावरच्या माणसांसाठी असे गाऊन शिवून द्यायचं काम मंडळाने हाती घेतलं आहे. आपल्या आसपासच्या बारा घरांतून विचारणा झाली आहे. कापडाचे पैसे मंडळाच्या शिलकीतून जायचे आहेत, आणि ती शिल्लक आपण पापड-कुरडया करून जमवलेली आहे. समितीत काही भगिनी म्हणाल्या की आधी एक छानसा, लेस लावलेला नमुना करू, पिशवीत घालून घरोघर दाखवू आणि मागणी घेऊ. त्यांचा हेतू चांगलाच आहे. फाटकं लुगडं घेऊन दुसऱ्याच्या दारात कसं जायचं, असंही एकीने विचारलं. मीही त्यावर विचार केला. माझं म्हणणं एवढंच की लुगडं जुनं असावं, पण स्वच्छ धुतलेलं असावं. दारात गेल्याबरोबर सांगावं, "हा कपडा नव्हे, हे आमचं कच्चं काम आहे. तुम्ही सांगाल तसं कापणार." आणि खडू त्या आजारी माणसाच्या हातात द्यावा, घरच्यांच्या नव्हे. बारा घरांत बारा आजारी माणसं आहेत. कोणाचा डावा हात गेला आहे, कोणाचा उजवा. कोणाच्या खुब्याचं हाड मोडलं आहे, त्याला हाताची अडचणच नाही. माझ्या सासूबाईंचा गाऊन त्यांच्यावर चालेल असं मी तरी म्हणणार नाही. लेस मागाहून लावता येते. आधी लावली तर सगळे लेसच पाहतील आणि "छान आहे" म्हणतील. ते दोन शब्द ऐकले की मला अजून धस्स होतं.

तो पहिला गाऊन माझ्याकडे अजून आहे. सासूबाई २०२१ साली गेल्या. त्यांचं सामान आवरताना तो कपाटात सापडला, घडीसुद्धा न मोडलेला. वन्सं म्हणाल्या, कोणाला तरी देऊन टाक. मी दिला नाही. शिवणवर्गात नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी तो त्यांच्यापुढे ठेवते. त्या म्हणतात, "काकू, किती सुंदर काजं!" मग मी त्यांना सांगते की हा कपडा एकदाही कोणाच्या अंगाला लागलेला नाही. आणि मग जुन्या लुगड्याचा तुकडा, पिना आणि खडू त्यांच्या हातात देते.

पुढच्या बुधवारी दुपारी तीन वाजता आपण पहिल्या दोन घरी जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी घरातलं एक जुनं, मऊ, धुतलेलं पातळ घेऊन यावं. शिवण येत नसलं तरी चालेल. पिना धरायला आणि नीट ऐकून घ्यायला माणसं हवीच आहेत.

फार वेळ घेतला. अडाणी बाईचे बोल म्हणून काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मंडळाला आणखी पुष्कळ वर्षांचं आयुष्य लाभो, एवढं बोलून मी माझे चार शब्द संपवते.